वीत आणि चार बोटं

"पाय पायरी पाहत नाई बाई, पाय मोजते," तानबाजी सुतार मला म्हणाले होते. "पह्यली पायरी चढला का त्याले समजते, आता एवढंच उचलाचं. मधात कुठं चार बोटं जास्त झाली, का फसला."

मी मान हलवली आणि चुलीवरचं दूध पाहायला आत गेले. त्या वेळी मला दूध उतू जाण्याची भीती जास्त मोठी वाटली.

तशी मी भित्रीच आहे. विशाखा झोपली की तिच्या नाकाखाली बोट धरून श्वास पाहते. घरातले बिब्बे, विळा, रॉकेलची बाटली सगळं मी फळीवर चढवून ठेवलं आहे, आणि ती फळी पडणार नाही ना म्हणून तिलाही रोज हात लावून पाहते. सासूबाई म्हणतात, सुलोचनाले दोन डोळे पुरत नाई. एवढी पाहणारी मी, आणि त्या वर्षी डोळ्यांसमोरच्या दोन गोष्टी मला दिसल्या नाहीत. एक पायरीची. दुसरी तानबाजींची.

आमचं घर नाचणगावात. खाली दोन खोल्या, वर एक माडी. सासऱ्यांनी पुलगावच्या गिरणीत वीस वर्षं काम करून ते बांधलं. आता ते नाहीत. घरात सासूबाई धुरपता, माझे पती प्रेमदास, मी आणि आमची मुलगी. हे पुलगावच्या शाळेत मास्तर आहेत, सायकलनं जातात. मी नागपूरला इंटरपर्यंत शिकले, म्हणून दुपारी माडीवर वस्तीतल्या बायकांना लिहायला-वाचायला शिकवते. आठ-नऊ जणी येतात. त्यांतल्या सगळ्यात वयस्क विद्यार्थिनी सासूबाई. वर्ग खालीच का घेत नाही, असं मला पुष्कळांनी विचारलं. खाली रस्त्याकडे उघडं दार, जाणाऱ्या-येणाऱ्यानं डोकावायचं. पन्नाशी ओलांडलेली बाई पाटी घेऊन बसली की लोक हसतात, आणि सासूबाईंना त्या हसण्याची फार लाज. माडीवर त्या पदर खोचून, पाय पसरून बसत, आणि 'ग'च्या काठीसाठी माझ्याशी भांडत.

माडीवर जायला सागवानी जिना होता, नऊ पायऱ्यांचा. अठ्ठावन्न सालच्या फाल्गुनात मी खालची पायरी सारवणाच्या ओल्या पोतेऱ्यानं पुसत होते, तर अंगठा लाकडात शिरला. आत वाळवीची नुसती माती. विशाखा तेव्हा चौदा महिन्यांची, दिसेल त्यावर चढणारी. मी त्याच दिवशी ह्यांना तानबाजींकडे पाठवलं.

नागपूरच्या बौद्ध दीक्षेनंतर गावातल्या काही कारागिरांनी आमच्या वस्तीत येणं सोडलं होतं. ह्यांना वाटलं, हेही काही निमित्त सांगतील. पण तानबाजी दुसऱ्या दिवशी सकाळीच आले. कुणीतरी रस्त्यात टोकलं असावं. ते दारातूनच म्हणाले, "उधई काई जात पाहून लागत नाई." मग जिन्याच्या दोन्ही लांब फळ्यांवर लाकूड तासायच्या वाकसाच्या दांड्यानं ठोकत, कान लावत वर गेले. खालच्या तीन पायऱ्यांपर्यंत आवाज पोकळ, वरचा खणखणीत.

जमिनीची ओल लाकडात चढते आणि ओलीमागून उधई, असं त्यांचं निदान. खालच्या तीन पायऱ्या काळ्या दगडाच्या करा, वर जुनंच लाकूड ठेवा, असं त्यांनीच सुचवलं. दगडासाठी त्यांनी लहानू पाथरवटाला आणलं. लहानू चाळिशीचा, बोलका, हातापेक्षा तोंड जास्त चालवणारा. तो म्हणाला, दगडात खोबण करतो, लाकूड आत गच्च बसवा. तानबाजींनी नाही म्हटलं. लाकूड दगडात गाडायचं नाही, दगडावर बसवायचं. पावसाळ्यात लाकूड फुगतं, उन्हाळ्यात आखडतं, त्याला हलायला जागा पाहिजे. खोबणीत पाणी साचलं की पुन्हा तेच. लाकडाच्या बुडाला त्यांनी बिब्ब्याचं तेल चोपडायचं ठरवलं, आणि ते वाळेपर्यंत चार दिवस पोरीला मामाकडे ठेवा असं मला बजावलं. हे मी तंतोतंत पाळलं. अंगावर फोड येतील ही भीती मला समजत होती.

पायऱ्या किती, हा प्रश्न मात्र माझ्यामुळे आला.

जुन्या नऊ पायऱ्या सासऱ्यांच्या वेळच्या. तेव्हा गवंडी पायऱ्या मोजताना इंद्र, यम, राजा, इंद्र, यम, राजा असं म्हणत जाई. शेवट राजावर यावा, यमावर येऊ नये. नऊवर राजा येतो. हे म्हणाले, ते सगळं आपण नागपूरला सोडून आलो, आता आपल्या घरात यमाचा हिशेब नको. तोवर ठीक होतं. पण मला एवढ्यावर थांबवेना. मी त्या दिवसांत अष्टांग मार्गावरचं पुस्तक वाचत होते. मी म्हटलं, आठ पायऱ्या करू. प्रत्येक पायरीवर एकेक अंग लिहू. बायका वर्गाला येता-येता वाचतील.

ह्यांना इतका आनंद झाला की ते संध्याकाळी चार घरी सांगून आले. सासूबाई म्हणाल्या, आठ तर आठ. तानबाजींनी मात्र वीत लावून भिंतीवर खालपासून वरपर्यंत मोजलं, पुन्हा मोजलं, आणि सांगितलं की उंची नऊचीच आहे. आठ करायच्या तर दगड वीत आणि अडीच-पावणेतीन बोटं उंच घ्यावे लागतील. वरच्या लाकडात खाचा वीत-वीत अंतरावर आधीच आहेत, त्या हलत नाहीत. उरलेली सगळी चूक दगड आणि लाकूड मिळतात तिथं, चौथ्या पायरीत येऊन बसेल. वीत आणि चार बोटं. मग ते पायाविषयीचं वाक्य ते बोलले, आणि मी दूध पाहायला गेले. परत येताना मी एवढंच म्हणाले, "सवय होईल, तानबाजी."

त्यांनी वाद घातला नाही. जुन्या चौथ्या पायरीची जास्तीची ठरलेली फळी खांद्यावर टाकून घरी घेऊन गेले.

खालच्या तीन पायऱ्या काळ्या, लहानूच्या टाकीच्या बारीक खुणांच्या; वरच्या तांबूस सागवानी, तेलपाणी दिलेल्या. पोरीचा पाय अडकू नये म्हणून मी लाकडी पायऱ्यांच्या मागच्या फटी फळ्यांनी बंद करून घेतल्या, खाली बांबूचं फाटक बसवलं. ह्यांनी पांढऱ्या रंगानं प्रत्येक पायरीच्या तोंडावर एकेक नाव लिहिलं. दगडावर दृष्टी, संकल्प, वाचा. लाकडावर कर्मांत, आजीविका, व्यायाम, स्मृती, समाधी. वैशाख पौर्णिमेला वस्तीतले सगळे पाहायला आले. जो वर जाई तो चौथ्या पायरीवर ठेचाळे आणि हसे. मी पाहत होते आणि मीही हसत होते. सासूबाई म्हणाल्या, "बरोबरच आहे. वाचेपर्यंत सगळे जाते. करायची पाळी आली का अडखळते." हा विनोद वस्तीत महिनाभर फिरला.

आणि सासूबाई वाचायला त्या जिन्यावरच शिकल्या. पुस्तकातलं कमळ-बदक त्यांना पटत नव्हतं. पण पायरीवर बोट ठेवून 'सं-क-ल्प' असं जोडाक्षर फोडून त्यांनी म्हटलं, त्या दिवशी त्या तिथंच बसून राहिल्या. आषाढापर्यंत आठही शब्द त्यांना येऊ लागले. लिहिताना मात्र त्यांचा हात कापे. स्वतःच्या नावातला 'धु' त्यांना काही केल्या जमेना. उकार पाटीच्या बाहेर जाई.

श्रावणातल्या एका दुपारी वर्ग सुटला. सासूबाई सगळ्यांच्या शेवटी उतरत होत्या, उजव्या हातात पाटी. विशाखा खाली फाटकाला धरून उभी होती आणि आजीला हाका मारत होती. मी तिच्यामागे दोन पावलांवर, तिच्याकडेच पाहत. उतरताना वरच्या पायऱ्या वीत-वीत गेल्या. मग लाकूड संपून दगड आला, आणि पाय वितीवर टेकायला गेला तर तिथं काहीच नव्हतं.

त्या सरळ खाली आल्या असत्या तर फाटकासकट पोरीवर आल्या असत्या. त्यांनी अंग भिंतीकडे टाकलं. पाटी फुटली. उजवं मनगट त्यांच्याखाली सापडलं.

वर्ध्याच्या दवाखान्यात प्लॅस्टर घालून आणलं. वाटेत, गाडीत त्या डाव्या हातानं प्लॅस्टर धरून बाहेर पाहत होत्या. मला रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. विशाखाला काही झालं नव्हतं, आणि मी तिच्या अंगावर पुन्हा पुन्हा हात फिरवत होते. तेवढ्यात सासूबाई डाव्या हातानं पाणी पीत म्हणाल्या की आता आपण माडीवर जाणार नाही. "शिकणं झालं माह्यं. आठ शब्द आले, पुरे झाले."

त्यांच्यामागून आणखी तिघी येईनाशा झाल्या. वस्तीबाहेर लोक बोलू लागले की जिना यमावर संपतो, मग दुसरं काय होणार. मी मोजून पाहिलं. इंद्र, यम, राजा, इंद्र, यम, राजा, इंद्र, यम. आठवर यम येत होता खरा. हे ऐकून ह्यांचा चेहरा दगडासारखा झाला. आता जिन्याला हात लावायचा नाही, म्हणाले. नऊ केल्या तर लोक म्हणतील, मास्तर घाबरला, परत जुन्या वाटेला लागला.

मला त्यांचं म्हणणं कळत होतं. एक गोष्ट सोडायला किती बळ लागतं हे मीही पाहिलं होतं. पण मला रोज ती चौथी पायरी दिसत होती, आणि तिच्या खाली माझी पोर.

मी कुणाला न सांगता तानबाजींच्या घरी गेले. ते ओट्यावर बसून करवतीच्या दातांवरून अंगठा फिरवत होते. माझा आवाज ऐकून त्यांनी मान वर केली. मी सगळं सांगितलं. मी तेव्हा बोललो होतो, असं ते म्हणतील याची मी वाट पाहत होते. त्यांनी विचारलं, "कोणता हात?"

"उजवा."

त्यांनी करवत बाजूला ठेवली. मग म्हणाले, "फळी आहे माह्याजवळ. आढ्याले टांगून ठेवली. खाचही बुजवली नाई म्या. मले माहीत होतं, पाय कोणाचं ऐकत नाई."

"आणि यम-राजाचं काय, तानबाजी? लोक बोलतात."

"मले यम-बिम नाई समजत बाई. मले उंची समजते."

घरी येऊन मी ह्यांच्याशी बोलले. आठाचा हट्ट माझा होता, तो मीच मोडते, असं म्हटलं. आपण यमाला भिऊन पायऱ्या मोजत नव्हतो, तर बुद्धाच्या नावानं मोजल्या; पण मोजल्या आकड्यासाठीच, पायासाठी नाही. हे ऐकून घेत होते, पण त्यांच्या मनातून लोक काय म्हणतील ते जात नव्हतं. कोपऱ्यात विशाखाला मांडीवर घेऊन सासूबाई बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "काऊन डोकं फोडून राह्यला रे बाबू? शिकायच्या आठ आहे. चढायच्या किती, ते पाय सांगन."

ह्यांनी उठून सदरा चढवला. सायकल काढली आणि लहानूला बोलवायला गेले.

काम पाऊस सरल्यावर, आश्विनात झालं. तिन्ही दगड लहानूनं टाकीनं उतरवत एकेक वितीवर आणले. तिसरा दगड सगळ्यात जास्त उतरवायचा होता. तिथं तानबाजींनी त्याला थांबवलं आणि चालायचा मधला भाग तेवढा खाली घ्यायला लावला. दोन्ही कडांना दगडाचे दोन कान उभे राहिले, आणि दोन्ही लांब फळ्यांची बुडं त्यांच्यावर होती तशीच बसून राहिली, ओलीपासून उंच. मग आढ्याची फळी आली. ती जुन्या खाचेत सरकवताना तानबाजींनी डोळे मिटले होते. फळी बसल्याचा आवाज आला, मगच उघडले. मला ते कसबाचं लक्षण वाटलं.

ह्यांनी पुन्हा रंग घेतला. नावं आठ आणि पायऱ्या नऊ. एक कोरी राहणार. कोणती, ते सासूबाईंनी ठरवलं. नावं दुसरीपासून लिहा, पहिली राहू द्या.

त्यांचं प्लॅस्टर तोवर निघालं होतं, मनगट बारीक आणि आखडलेलं. त्या संध्याकाळी मी विशाखाला भरवत होते, आणि पाहते तर त्या पहिल्या दगडासमोर जमिनीवर बसल्या आहेत, हातात खडूचा तुकडा. बराच वेळ लागला.  तीन अक्षरं. तानबा.

मी म्हटलं, "आई, तुमचं नाव लिहायचं ना."

"माह्या नावात उकार आहे," त्या म्हणाल्या. "त्याहीचं सोपं आहे."

दुसऱ्या दिवशी तानबाजी उरलेलं तेल द्यायला आले. सासूबाईंनी त्यांना जिन्यासमोर उभं केलं आणि सांगितलं की इथं तुमचं नाव लिहिलं आहे, म्या लिहिलं. तानबाजींना अक्षर येत नाही, हे मला ठाऊक होतं. पण ते वाकले आणि विचारलं, "कुठं?"

खडूची अक्षरं जवळजवळ वीतभर उंच होती, काळ्या दगडावर पांढरी. दार उघडं होतं, ऊन आत आलेलं. त्यांनी हात पुढे केला, दगड चाचपला, आणि बोटांनी 'न'चा अर्धा भाग पुसून टाकला.

तेव्हा मला दिसलं. दांड्यानं ठोकून कान लावणं. वितीनं दोन-दोनदा मोजणं. अंगठ्यानं करवतीचे दात पाहणं. रेघ सरळ आली का, हे प्रत्येक वेळी लहानूला विचारणं. जिना उतरताना भिंतीवरचा हात. मी हे सगळं रोज पाहिलं होतं आणि त्याला कसब म्हटलं होतं. पाय पाहत नाही, मोजतो, असं जो माणूस सांगत होता, तो स्वतःचं सांगत होता.

मी विचारलं, केव्हापासून. ते म्हणाले, दोन पावसाळे. उजव्या डोळ्यात नुसता धूर, डाव्यात जाळं. कुणाला सांगितलं नाही, कारण आंधळ्या सुताराला कोण बोलावणार. मग हसले. "तुमचा जिना तरी सरळ आहे ना?"

लहानू तिथंच टाक्या पोत्यात भरत होता. त्यानं एक टाकी परत बाहेर काढली. अर्ध्या पुसलेल्या खडूवरून, सासूबाईंच्या कापऱ्या वळणासकट, त्यानं ती तीन अक्षरं दगडात कोरली. दुपार गेली. विशाखाला मी दूर धरून ठेवलं होतं, कपची उडेल म्हणून. झाल्यावर तानबाजींनी अंगठा पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत सावकाश फिरवला.

"मधातलं जास्त खोल गेलं रे लहानू," ते म्हणाले. "धूळ बसन तिथं."

"मग पुसायले येजा तुम्ही," लहानू म्हणाला.

सासूबाई त्याच आठवड्यात माडीवर गेल्या. पहिल्या दिवशी एका हातानं भिंत धरून आणि दुसऱ्या हातानं मला. तिसऱ्या दिवशी एकट्या. न आलेल्या तिघी परत आल्या, आणि पौषात आणखी दोघी. विशाखा आता दोन वर्षांची झाली आहे. फाटक मी अजून काढलेलं नाही. पण परवा ते चुकून उघडं राहिलं. मी धावत गेले, तर ती पाचव्या पायरीवर बसून होती. मी हाक मारली नाही. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि उठून सहावीवर पाय ठेवला, मग सातवीवर, खाली न पाहता. मी खाली उभी राहून तोंडावर हात धरला होता. ती वर पोचली.

तानबाजी दिवाळीनंतर सिंदी मेघेला त्यांच्या मुलीकडे, पंचफुलाबाईंकडे गेले. थंडीत डोळ्याचं ऑपरेशन करून घेणार होते. मी दोन कार्डं टाकली, उत्तर नाही. त्या घरात कुणाला वाचता येत नाही, तेव्हा कार्डं तशीच कोनाड्यात पडली असतील. लहानू एकदा त्या बाजूला गेला होता. तो सांगतो, पंचफुलाबाईंचं घर रस्त्यापेक्षा खाली आहे, उतरायला दोन पायऱ्या, एक उंच आणि एक ठेंगणी. हे ऐकल्यापासून मला झोप नाही.

तुम्ही त्या बाजूला राहत असाल, किंवा काही कामानं जाणार असाल, तर पंचफुलाबाई सुतारांचं घर विचारा. माझी कार्डं त्यांना वाचून दाखवा. डोळ्याचं झालं का, ते पाहा. तानबाजी बाहेर येऊ लागले तर हाताला धरू नका, त्यांना ते आवडत नाही. फक्त त्यांच्यापुढे चाला, आणि पायरी आली की तिची उंची सांगा, वीत किंवा वीत आणि चार बोटं. बाकीचं त्यांचा पाय पाहून घेईल. आणि ते कसे आहेत, ते मला नाचणगावला एका ओळीत कळवा.